ओब्दुलियानं पाहुणचार मोडला

एल होकोते गावात ओब्दुलियाला न घाबरणारं कुणी असेल, तर तिच्या कोंबड्या. पन्नाशी उलटलेली, अंगानं आडवी, आणि आवाज असा की ओढ्यापलीकडच्या कॉफीच्या मळ्यातली माणसं हातातलं काम थांबवून वर बघायची. नवरा शेजारच्या देशात, कोस्टा रिकाला, कामाला म्हणून गेला, तो तिकडचाच झाला. ओब्दुलियानं रडत बसण्यात वेळ घालवला नाही. तीन मुली वाढवल्या, उजवल्या, आणि "पाणी समितीत बाई कशाला?" म्हणणाऱ्यांच्या नाकावर टिच्चून समितीची अध्यक्ष झाली.

डोंगरावरच्या झऱ्याचं पाणी नळानं गावात आणायला एका संस्थेनं हॉलंडहून दोन स्वयंसेवक पाठवले, ते अर्थातच तिच्या घरी उतरले. मारित आणि योरिस. दोघं विशीतली. ती नवराबायको नाहीत, हे गावाच्या गळी उतरवता उतरवता ओब्दुलियाला घाम फुटला.

गावानं त्यांची सरबराई केली म्हणजे किती! ज्या घरी जातील तिथली धड खुर्ची त्यांना, कोंबडीची तंगडी त्यांना. मारितनं बादली उचलली की कुणीतरी ती हातातून काढून घ्यायचं. योरिसनं कुदळ मागितली की, "राहू दे रे बाळा, ऊन लागेल." नळाच्या कामासाठी शाळेत बैठकीला या म्हटलं की सगळे म्हणायचे, "येतो ना, देवाच्या कृपेनं." आणि बैठकीला ओब्दुलिया, दोन पाहुणे आणि शाळेतलं कुत्रं.

एका दुपारी मारित मागच्या अंगणात धुण्याच्या दगडापाशी रडताना दिसली.

"काय गं, साबण गेला डोळ्यात?"

"मावशी, आम्ही इथे कुणाला नकोच आहोत. सगळे गोड बोलतात, पण येत कुणीच नाही."

ओब्दुलियाला हे दुखणं ठाऊक होतं. लग्न होऊन ती खालच्या उष्ण मुलखातून या डोंगरात आली, तेव्हा तिच्या जाड भाकरीला सगळ्यांनी "छान" म्हटलं आणि गुपचूप डुकराला घातली. वर्षभर तिच्याशी कुणी भांडलंसुद्धा नाही. मग सासूची बहीण वारली, आणि त्या गडबडीत कुणीतरी तिच्यावर खेकसलं, "उभी काय राहिलीस? मका दळ!" त्या दिवशी ती खरी सून झाली.

"नको कुठे आहेस?" ती मारितला म्हणाली. "पाहुणी आहेस. ते जास्त वाईट."

थोड्याच दिवसांत गावातला म्हातारा सेवेरो वारला. नेमकी त्याच सकाळी संस्थेच्या मॅडम राजधानीहून, मानाग्वाहून, काम बघायला यायच्या होत्या. मारित इस्त्रीचा शर्ट घालून नकाशे घेऊन निघाली होती. ओब्दुलिया दारात आडवी उभी राहिली.

"ते गुंडाळून ठेव. चल."

"पण मावशी, मॅडम येतील!"

"मॅडम जिवंत आहेत, त्या थांबतील. सेवेरोआजाला थांबता येत नाही."

योरिसच्या हाती फावडं देऊन तिनं त्याला कबरस्तानात नेलं. तिथे खणणाऱ्यांत पुढे होता कासिमिरो, कॉफीच्या मळ्याचा मालक. तो ओशाळला. "अहो बाई, पाहुण्याला खड्डा खणायला लावता?"

"पाहुणा कालपर्यंत होता. आज माझ्या घरचा गडी आहे. खणला नाही तर जेवण नाही."

सेवेरोच्या घरी बायका भाकऱ्या थापत होत्या. मारितही बसली. तिची पहिली भाकरी तव्यावर पडली आणि सेवेरोची बहीण त्रान्सितो हिला राहवलं नाही. "ही भाकरी आहे का गाढवाचा कान?"

सुतकाच्या घरात सगळ्यांनी तोंडावर हात धरले. मारित लाल झाली, पण म्हणाली, "कान असला तर ऐकेल तरी! गावात दुसरं कोण ऐकतंय माझं?"

त्रान्सितोलाच आधी हसू फुटलं, आणि तिच्यामागून कोपऱ्यात बसलेली सेवेरोची बायकोही डोळे पुसत पुसत हसली.

एवढ्यात मॅडमची गाडी आली. शाळा रिकामी बघून त्या तशाच वर आल्या होत्या. "माझी माणसं कुठे आहेत?"

ओब्दुलियाच्या मनात आलं, ही बाई रागावली तर दोघांना घेऊन जाईल, आणि त्यांच्याबरोबर नळही. पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. कॉफीचा ट्रे उचलला आणि सरळ मॅडमच्या हातात दिला.

"एक खड्ड्यात आहे, एक चुलीपुढे. तुम्ही हे अंगणातल्या लोकांना द्या. म्हाताऱ्यांना आधी."

मॅडमनी ट्रेकडे बघितलं, ओब्दुलियाकडे बघितलं, आणि उंच टाचांचे बूट सांभाळत अंगणात गेल्या. निघताना एवढंच विचारलं, "मग बैठक कधी?"

"नऊ दिवसांची प्रार्थना संपली की. तेव्हा येतील लोक."

आले. शाळेत बसायला बाक पुरेनात. मारितनं नकाशा उघडला आणि कासिमिरो ताडकन उभा राहिला. "माझ्या झाडांमधून पाइप जाणार नाही म्हणजे नाही!"

"मग काय काका, तुमच्या डोक्यावरून नेऊ?"

"बघा, बघा! खेचरापेक्षा अडेल आहे ही पोरगी!"

"खेचर ओझं तरी वाहतं, तू काय वाहतोस?" त्रान्सितो मागून ओरडली.

दुपारभर हाणामारीच काय ती व्हायची राहिली. योरिस कासिमिरो आणि मारितच्या मध्ये उभा राहून कधी याला, कधी तिला समजावत होता. अध्यक्ष म्हणून ओब्दुलियानं सगळ्यांना गप्प करायला हवं होतं, पण ती हाताची घडी घालून ऐकत राहिली. इतकं सुख तिला बऱ्याच वर्षांत मिळालं नव्हतं. शेवटी पाइप कुंपणाच्या कडेनं न्यायचा ठरला. तिथला चर मीच खणणार, दुसऱ्या कुणी मुळांना धक्का लावायचा नाही, असं कासिमिरोनंच बजावलं.

कॉफीच्या तोडणीआधी गावात पाणी आलं. अध्यक्षाच्या घरी सगळ्यांच्या शेवटी, असा नियम ओब्दुलियानं स्वतःच केला होता, म्हणून तिची तोटी सर्वांत उशिरा बसली. योरिसनं ती बसवून दिली आणि बाजूला झाला. ओब्दुलियानं तोटी सोडली आणि ती ओंजळभर पाणी प्यायली.

"गार आहे," ती म्हणाली.

योरिस आणि मारितला वाटलं, ती आणखी काही बोलेल. पण तिनं घागर खाली सरकवली. राजमा शिजत घालायचा होता.