आठ अक्षरांचं पोस्टकार्ड

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये बबनराव कारकून होते, आणि स्वतःच्या मते गावातले एकमेव शहाणे. शेठ त्यांच्या लेखी अडाणी, पोस्टमन आळशी, बायको रुखमाबाई तर बोलण्याच्याही लायकीची नाही. अशा माणसाला खरं तर दोस्त असू नये. पण एक होता, फुलसावंगीचे फुलसिंग मास्तर.

दोघांचा वाढदिवस एकच, एक जुलै. खरी तारीख दोघांच्याही आईला ठाऊक नव्हती. एकाचा बाप कुणबी, दुसऱ्याचा बंजारा तांड्यावरचा. दोन्ही बापांनी पोरं एकाच दिवशी शाळेत आणून बसवली आणि गुरुजींनी दोन्ही नावांपुढे तीच तारीख ओढली. गावात वाढदिवस कोणी करत नसे. हे दोघे मात्र दरसाल एकमेकांना कार्ड टाकत. बबनराव जन्माला आले याचा आनंद असणारं जगात दुसरं कोणी नव्हतं.

बासष्ट साली बबनरावांच्या हाती एक हिंदी मासिक लागलं. त्यात जपानी कवितेची माहिती होती: तीन ओळी, अक्षरं पाच, सात, पाच. झालं, स्वारी हवेत. यंदापासून शुभेच्छा याच मापात, असं त्यांनी फुलसिंगांना कळवून टाकलं. फुलसिंगांचं उत्तर आलं, "आमच्या तांड्यावरच्या बाया गाणं म्हणतात, त्या काय बोटं मोजून म्हणतात?" तरी एक जुलैला त्यांचं कार्ड आलंच.

पेरणी झाली
तुझी याद आली गड्या
ये एकदाचा

बबनरावांनी बोटांवर अक्षरं मोजली. मधल्या ओळीत आठ. त्यांनी लाल शाईने 'गड्या' खोडला, वर 'रे' लिहिला, बाजूला शेरा मारला, 'मास्तर असून मोजता येत नाही', आणि कार्ड पाकिटात घालून परत धाडलं. वर दिवसभर जिनिंगमध्ये ते सगळ्यांना सांगत फिरले. असा करंटा माणूस.

पुढच्या एक जुलैला कार्ड आलं नाही. दोन दिवस पोस्टमनला शिव्या घालून झाल्या. रविवारी बबनराव पुसदला बस बदलून फुलसावंगीला जाऊन थडकले.

फुलसिंग ओसरीवर वह्या तपासत बसले होते. त्यांनी घोंगडी पुढे सरकवली आणि बायकोला, लालीबाईला, चहा सांगितला.

"कार्ड काहून नाही टाकलं?" बबनरावांनी बसल्या बसल्या विचारलं.

"लिहिलं होतं," फुलसिंग म्हणाले. "चार डाव लिहिलं. दर डाव मोजून पाह्यलं अन् फाडून टाकलं. आता तुले लिहाची मले धास्ती वाटते, बबन. दोस्ताले लिहाची धास्ती वाटत असन, तं मंग कायले लिहाचं?"

ते रागावून बोलले असते तर बबनरावांना बरं वाटलं असतं. भांडणात ते कोणाला हार जात नसत. आता फक्त 'चुकलं' म्हणायचं होतं. तीन अक्षरं. ती ओठापर्यंत आलीही. तेवढ्यात लालीबाईने कपबशी पुढे केली. बबनरावांनी एक घोट घेतला.

"साखर जास्त झाली," ते म्हणाले.

फुलसिंगांनी पुढची वही ओढली.