दोन्ही डाव्या बाह्या

अर्धांगवायूच्या झटक्यानंतर मास्टरांचा पाय सावरला, जीभ सावरली. उजवा हात मात्र परका पाहुणा बसावा तसा मांडीवर बसून राहिला. ज्यांनी निम्म्या गल्लीचे शर्ट बेतले, त्यांच्याच शर्टाची बटणे आता बायको लावून देई. घराखालचे दुकान बंद होते. कापड बेतायचे मोठे टेबल एका ओळखीच्या शिंप्याने मागितले होते, आणि मास्टरांनी "उद्या सकाळी घेऊन जा," असे सांगूनही टाकले होते.

वाचनालयातल्या इंग्रजीच्या वर्गाहून बायको परतली आणि भाजी निवडायला बसली.

"आज काय शिकवलं?" मास्टरांनी विचारले.

"टॅकल. अडचण आली की तिला टॅकल करायचं."

"म्हणजे सामोरं जायचं."

"मीही तेच म्हटलं. बाई म्हणाल्या, सामोरं काय, नुसतं उभं राहूनही जाता येतं. टॅकल म्हटलं की हात घालावा लागतो."

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. मास्टर मांडीवरच्या हाताकडे पाहत होते.

"आणि हात घालूनही नाही जमलं तर?" त्यांनी विचारले.

"तरी शब्द चुकत नाही म्हणे. फत्ते व्हायलाच हवी असं काही नाही त्यात. मनापासून भिडलं की झालं."

"सोयीचा आहे की शब्द! दुकानाची किल्ली दे."

खाली दिवा लावून मास्टरांनी स्वतःच्या शर्टासाठी शिलकीतले निळे कापड टेबलावर पसरले. कात्री उजव्या हाताची. डाव्या हातात धरली की तिच्या पात्याआड खडूची रेघच दिसेना. मग बायको पलीकडून कापड ताणून धरून रेघ सांगू लागली.

"आत घ्या... अहो, फार आत! हां, आता सरळ."

"इतकी वर्षं संसार केला, कधी या टेबलाला हात लावू दिला नाहीत मला," रेघ सांगता सांगता ती म्हणाली.

"तू पिठाचे हात घेऊन यायचीस, अगं!"

दुहेरी कापड डाव्या हाताला कापवेना, म्हणून त्यांनी एकेक बाही वेगळी कापली. कापून झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्या. दुसऱ्या वेळी कागदी नमुना उलटवायचा राहिला होता. याच चुकीसाठी त्यांनी कितीतरी कारागिरांना फैलावर घेतले होते.

"दोन्ही डाव्या," ते पुटपुटले.

बायकोने बाह्यांकडे पाहिले, मग नवऱ्याकडे. "बरोबरच आहे. सध्या तुमचा चालतो तो डावाच."

क्षणभर मास्टरांचा चेहरा कसनुसा झाला. मग ते असे हसले, की डोळे पुसायला कात्री खाली ठेवावी लागली. ते डोळेही तिनेच पुसले, पदराने.

सकाळी तो शिंपी हातगाडी घेऊन आला. टेबलावर निळे कापड तसेच पसरलेले होते.

"मास्टर, हे उचलताय ना?"

"टेबल रिकामं नाही रे," मास्टर म्हणाले. "आलाच आहेस तर जरा पलीकडून कापड धर. उजवी बाही राहिलीय, आणि हिचा वर स्वयंपाक व्हायचाय."

शिंप्याने हातगाडी भिंतीला लावली आणि कापडाचे टोक धरले. "बोला," तो म्हणाला.