व्यवसाय: गृहिणी

“काय नाय? काय नाय म्हंजे? मंग हे काय हाय?”

अंधेरीच्या आमच्या लॅबच्या काउंटरवर एक सुजलेलं बोट दाणकन आपटलं. बोट हिराबाईंचं. वेसाव्याच्या. वय पंचावन्नच्या आसपास, आवाज भर बाजारात कमावलेला. पलीकडे रक्त देत बसलेले एक गृहस्थ सुईसकट उभे राहिले.

हिराबाईंच्या दुसऱ्या हातात रिपोर्ट होता. त्यावर ‘नो ग्रोथ’ आणि खाली माझी सही. मी तिथली मायक्रोबायोलॉजिस्ट. म्हणजे जंतूंना खाऊपिऊ घालून वाढवायचं, नाव शोधायचं आणि मग त्यांच्या मरणाची सोय डॉक्टरांना कळवायची, हा माझा पंचवीस वर्षांचा धंदा.

मी त्यांना केबिनमध्ये नेलं. उजव्या हाताच्या मधल्या बोटावर गाठ होती. मनगटाकडे आणखी तीन, माळेसारख्या चढत गेलेल्या. अँटिबायोटिक्सचे तीन कोर्स वाया गेले होते. सर्जन डॉ. पारेखांनी गाठीचा तुकडा काढून आमच्याकडे कल्चरला पाठवला होता. कल्चर म्हणजे तो नमुना पौष्टिक खुराकावर पसरायचा आणि इन्क्युबेटर नावाच्या उबदार कपाटात सदतीस डिग्रीला, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेला, ठेवायचा. टीबीचा संशय होता म्हणून सहा आठवडे ठेवला. काही उगवलं नाही.

“शुक्रवारी बोट कापतील,” हिराबाईंचा आवाज एकदम खाली आला. “आत सगलं सडत चाललंय बोलतात. बोट नसंल तं कोयता कसा धरू, बाय?”

“कोयता? मावशी, तुम्ही काय करता?”

“काय करता म्हंजे? मासली इकते! चालीस वर्सं!”

मी कॉम्प्युटरवर फॉर्म उघडला. व्यवसाय: गृहिणी.

आता ऐका माझा पराक्रम. चाळिशीपुढची बाई आली की त्या रकान्यात ‘गृहिणी’ आपोआप पडावं, ही सोय सॉफ्टवेअरवाल्यांच्या मागे लागून मीच करून घेतली होती. काउंटरची रांग लवकर हलावी म्हणून! टाळ्यासुद्धा घेतल्या होत्या.

मी त्यांचा हात हातात घेतला आणि दचकले. गारठलेला होता.

“बाजारातनं सरल आलंय,” त्या म्हणाल्या. “दिवसभर बर्फानच असतो हात.”

“आणि काटा वगैरे लागला होता?”

“शिंगाल्या मासलीचा. सहा म्हयने झालं. काटा तं रोज लागतो, त्याचं काय सांगाचं?”

माझ्या डोक्यात घंटा वाजली. घंटा कसली, अख्खं ढोलपथक!

टीबीच्या जंतूचा एक चुलतभाऊ आहे. राहतो पाण्यात, आजारी पाडतो माशांना. काटा रुतला की त्याच्याबरोबर माणसातही शिरतो. मग आपल्या शरीराचे शिपाई, म्हणजे जंतू गिळणाऱ्या पेशी, धावत येऊन त्याला गिळतात. इथे नाटक संपायला हवं. गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत असतो. पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन तिला मिळते आणि जंतूचा निकाल लागतो. हा पठ्ठ्या त्या दोन पिशव्यांना एकत्र येऊच देत नाही. शिपायाच्याच पोटात बसून खातो, वाढतो आणि शेजारच्या पेशीत शिरतो. आयत्या बिळावर नागोबा! शेवटी शरीर पेशींवर पेशी रचून त्याच्याभोवती तटबंदी बांधतं. तीच ती गाठ.

पण नागोबाचा एक नखरा आहे. त्याला थंडावा लागतो. तीस डिग्रीला खूश, सदतीसला बहुधा उगवतच नाही. म्हणूनच तो बोटात नि मनगटात रमतो, आत फुप्फुसाकडे सहसा जात नाही. आणि मी त्याला सहा आठवडे उकाड्यात कोंडून वर सही केली होती.

मी नाडकर्णी सरांच्या, म्हणजे आमच्या लॅबप्रमुखांच्या, केबिनमध्ये गेले.

“सर, चूक झाली.”

“केवढी?”

“बोटाएवढी.”

सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, “तुकडा उरलाय?”

“आहे. डीप फ्रीझरमध्ये.”

“मग इथे काय उभी आहेस?”

बुरशीच्या विभागात तीस डिग्रीचा इन्क्युबेटर होता. त्यांच्याकडून मी एक कप्पा अक्षरशः बळकावला. मग डॉ. पारेखांना फोन.

“मॅडम, मागच्या वेळी सहा आठवडे घेतलेत.”

“ह्या वेळी दोनच द्या.”

“आणि नाही उगवलं तर?”

“तर बोट कुठे पळून जातंय, सर? तेव्हा कापा.”

पलीकडून हसणं. “दोन आठवडे. वर एक दिवस नाही.”

दर दोन दिवसांनी हिराबाई बाजारातून परतताना दारात हजर. “उगवला का गो माजा पावना?”

“झोपलाय अजून.”

“उटव त्याला! बोट माजं हाय.”

त्या दिवसांत मला जेवण गोड लागलं नाही. बाहेरून विनोद, आणि पाठ वळली की इन्क्युबेटरचं दार उघडून बघणं.

दहाव्या दिवशी साईच्या रंगाचे ठिपके दिसले. ह्या जंतूची खूण अशी की अंधारात तो फिका असतो आणि उजेड दाखवला की पिवळा पडतो. तासभर दिव्याखाली धरून परत आत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं, तर हळद लागलेली! मी कॉरिडॉरमध्ये अशी ओरडले की नाडकर्णी सर धावत आले. जनुकीय तपासणीत नावही पक्कं झालं.

डॉ. पारेखांनी सडलेला भाग तेवढा साफ केला. बोट राहिलं. औषधं सहा महिने चालली. मग एका दुपारी हिराबाई डबा घेऊन आल्या. पापलेटाच्या तुकड्या, एकसारख्या कापलेल्या.

“ह्याच हातान कापल्यात. बोट पुरं मिटत नाय, पन कोयता धरतंय.” आणि वर, “तुजं उपकार गो, बाय.”

उपकार? मी अक्षरशः हात जोडले. त्या भांडायला आल्या नसत्या, तर माझी सही तशीच राहिली असती आणि बोट गेलं असतं.

आता व्यवसायाचा तो रकाना रिकामा येतो. ‘काय काम करता?’ हे विचारून भरल्याशिवाय सॉफ्टवेअर पुढे सरकत नाही. रांग हलत नाही, काउंटरवरच्या मुली मला शिव्या घालतात. मी खुशाल खाते. पापलेटही खाल्लंच होतं की!