हळद नाही, फोडणी नाही... बटाट्याचं सूप

परवा माझ्या स्वयंपाकघरात नऊ दिवसांनी काहीतरी शिजलं... तेही मी नाही शिजवलं, कुसुमताईनं शिजवलं.

सलीमला, माझ्या नवऱ्याला, जाऊन नऊ दिवस झाले होते. पहिले तीन दिवस आमच्याकडे घरात स्वयंपाक करत नाहीत, नातेवाईक डबे पाठवतात. पुलाव आला, दालचा आला, नको नको म्हणेपर्यंत आलं... माझ्या घशाखाली काही उतरेना. पाहुणे गेले आणि मी चहा-बिस्किटांवर आले. नागपूरहून लेक रोज फोनवर विचारायची, मी रोज खोटं सांगायचे.

शेवटी तिनं कुसुमताईला फोन केला. कुसुमताई तलावातली मासोळी विकते. नागभीडला सलीमच्या टेलरिंगच्या दुकानाच्या ओट्यावर पंधरा वर्षं तिची टोपली होती. वास येतो म्हणून सलीम रोज कुरकुरायचा, आणि एखाद्या दिवशी ती आली नाही तर दहादा रस्त्याकडे बघायचा.

परवा कुसुमताई चार बटाटे पदरात घेऊन आली. तिच्या पोरीनं मोबाईलवर पाहून सूप शिकवलं म्हणाली. बटाटे उकडले, सोलले, रवीनं घोटले. माझ्याच फ्रिजमधलं दूध आणि वाटीभर साय घालून मंद आचेवर ढवळत राहिली... खाली लागू नये म्हणून मान वर करत नव्हती.

मला नुसतं बाजूला उभं केलं होतं. पण हाताची सवय... हात आपोआप मसाल्याच्या डब्याकडे गेला. तिनं मनगट धरलं. हळद नको, फोडणी पण नको म्हणाली. मीठ आणि मिरपूड, बास.

माझ्या लक्षात आलं. त्यांच्यात सुतकात हळद-फोडणी चालत नाही, तिला वाटलं असणार आमच्यातही तसंच. खरं सांगू? थोडा रागच आला. नऊ दिवसांनी खायचं, तेही असं पांढरंफटक...

तिनं दोन वाट्या भरल्या. एक माझ्यापुढे, एक स्वतःपुढे. मी सांगून टाकलं की ताई, आमच्यात असं काही पाळत नाहीत.

ती वाटीत बघत म्हणाली, "तुमच्यात नसन बाई. माह्या घरी पाळून राह्यलो ना आमी. भाऊ गेले तवापासून फोडणी नाई देल्ली, मासोळीची टोपली नाई उचलली. उद्या दहा दिवस होतीन."

"काऊन?" एवढंच निघालं माझ्या तोंडून.

"काऊन म्हंजे? मले दुसरा भाऊ कुठी हाये?"

नवरा गेल्यावर आमच्यात बाई चार महिने दहा दिवस इद्दत पाळते, त्यामुळे मी घराबाहेर पडत नाही, तो ओटा रिकामा पडलाय हे मला कळलंच नव्हतं. नऊ दिवस येईल तो माझं सांत्वन करून गेला. तिच्याकडे कोणी गेलं नाही. मला तरी कुठे सुचलं... फार लाज वाटली.

आम्ही दोघी रडत रडत जेवलो. मीठ कमी होतं, पण वाटी मी संपवली.

मग मी तिचा हात हातात घेतला आणि नऊ दिवस सगळे मला म्हणत होते तेच तिला म्हटलं... कुसुमताई, सांभाळ स्वतःले.