शाल राहू द्या, डब्यात टाका

सगळ्यायले नमस्कार. आज मले आनंदही लय झाला अन् डोकंही तेवढंच फिरलं.

माही नात कोमल ढाणकीहून सायकलनं महागावले आली. तिचा बाप, म्हंजे माहा लेक, रक्ताच्या कॅन्सरनं गेला. त्या रोगावर औषध शोधणाऱ्या डॉक्टरायसाठी पोरगी गावोगाव मदत मागून राह्यली. माहे गुडघे दुखतात, तरी मी तिले पाहाले चौकात गेलीच.

तर चौकात मंडप, हार अन् भाषणं! नारळ अन् शाली इतक्या, की पोरीचं तोंड दिसेना. मदतीचा डबा मात्र रिकामाच.

भाषण करणारे भाऊ शाल घेऊन माह्याकडे आले. "आजी, तुमचाही सत्कार!"

म्या म्हटलं, "भाऊ, एवढ्या उन्हात शाल कायले? माह्या लेकाले शाल नोती पायजे, औषध पायजे होतं. शालीचे पैसे डब्यात टाका."

मंग भाऊनं शाल घडी केली अन् खिशात हात घातला. मागच्या बायाही उठल्या.

उद्या पोरगी यवतमाळले निघते. रस्त्यातल्या गाववाल्यायनो, सत्कार केल्याबिगर तुमच्या हातून मदत होतच नाही काय वो?