मय्यतीचे हात

"ए, ऊठ तू. मय्यतीचे हात पिठाला लावू नकोस."

बंगल्यातल्या भाभी माझ्या अम्मीला बोलल्या. भर लग्नघरात. आगरदांड्याजवळच्या आमच्या मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका भाकऱ्या थापत होत्या. अम्मीही बसली होती.

अम्मी गुजरलेल्या बायकांना गुसल द्यायची. शेवटची आंघोळ. कुणीही बोलवो, ही निघाली. सवाबाचं, पुण्याचं काम. त्याचं हे फळ.

अम्मी उठली. आम्हाला जेवण परसात दिलं, वेगळ्या ताटात. आत बायका चौघी-चौघी एका थाळात जेवत होत्या. मी लहान होते, पण ताट सरकवून विचारलं, "आपण बाहेर का?" अम्मी म्हणाली, "गप खा. बोलू न्हाय."

पुढे मी त्याच बंगल्यात भांडी घासायला लागले. दर जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी, तिथे बायकांची मजलिस भरायची. भाभी बोलायच्या. इस्लाममध्ये उच्चनीच नाही. दुखणाईताची सेवा करा. अखलाक, आपलं वागणं, चांगलं ठेवा. काय गोड आवाज! बायका रडायच्या. आणि मागच्या खोलीत त्यांची सासू पडून. कूस बदलायला कुणी नाही. तिची हाक मला ऐकू यायची. मी धावले की भाभी म्हणायच्या, "तू भांड्यांकडे बघ."

एक दिवस गेलेच. म्हातारीला पाणी पाजलं. त्याच दिवशी मला कामावरून काढलं.

गेल्या वर्षी भाभींची ती सासू गेली. अम्मीचे गुडघे धरलेत, गुसल आता मी देते. ड्रायव्हर आला. "भाभींनी बोलावलंय. मागच्या दाराने ये."

मी पुढच्या दाराने गेले. दिवाणखाना बायकांनी भरलेला.

"पाणी तयार आहे," भाभी म्हणाल्या. "तू उरक. आम्ही इथे बसतो."

"तुम्ही आत या."

"मला भीती वाटते गं."

"तुमची सासू आहे. पहिला हक्क घरच्यांचा. मी एकटी तांब्या उचलणार नाही."

"तू आम्हाला दीन-धर्म शिकवणार?"

"तुम्हीच शिकवलात. भांडी घासता घासता ऐकलाय."

मय्यत ताटकळत ठेवू नये, मला ठाऊक होतं. तरी हलले नाही. शेवटी भाभी उठल्या.

आम्ही म्हातारीला कुशीवर वळवलं. पाठीवर काय दिसलं ते सांगणार नाही. ती मय्यतीची अमानत, गुसल देणारीने बाहेर बोलायची नसते. भाभींचा चेहरा मात्र सांगते. पांढराफटक पडला. त्या दाराकडे वळल्या.

"पाणी ओता," मी म्हणाले.

त्यांनी ओतलं. रडत ओतलं. मला जराही दया आली नाही.

मोहल्ल्यात म्हणतात, पोरगी माजली. म्हणू देत. गुसलला बोलवायला येतात, तेव्हा मी आधी विचारते, घरातली कोण बाई माझ्यासोबत उभी राहणार? उत्तर आल्याशिवाय चप्पल घालत नाही. आणि आता मी वाट बघत बसत नाही. ज्या घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, तिथे जिवंतपणीच जाते. दार उघडलं नाही, तर वाजवत राहते. मेलेल्या बाईचं अंग मी झाकते. जिवंत बाईचे हाल झाकणार नाही. भर मजलिशीत उभी राहून, घराचं नाव घेऊन सांगेन.