ढेकरकाकांची शिकवणी

आमच्या ह्यांचा आवाज म्हणजे अख्ख्या फळबाजाराचा भोंगा. लिलाव पुकारायचे ते. घशाच्या कॅन्सरनं स्वरयंत्रच काढावं लागलं, श्वासासाठी गळ्याला भोक पाडलं. ऑपरेशन उत्तम झालं, डॉक्टर खूश; पण ह्यांनी भिंतीकडे जे तोंड फिरवलं ते फिरवलंच. पाटीवर लिहायलाही तयार नाहीत. त्यात माझी नणंद शहाणी! कानाशी येऊन ओरडायची, "दादा, बरं वाटतंय काऽऽ?" अगं बाई, घसा गेलाय, कान नाही!

एके दुपारी वॉर्डात एक म्हातारा प्लंबर आला, खांद्याला पान्यांची पिशवी. मी लगेच गळका नळ दाखवला. त्यानं मुकाट्यानं तो आवळला आणि ह्यांच्याशेजारी बसून गळ्याचा रुमाल सोडला. तिथे ह्यांच्यासारखंच भोक! मग हवा गिळून त्यानं ढेकर दिला, आणि त्या ढेकरातून चक्क शब्द निघाले. "नळ... झाला. आता... तुमचं बघू."

ह्यांनी मान वळवली. मला तर देवच भेटला!

'ढेकरकाका' हे नाव त्यांनी स्वतःच घेतलेलं. कामं आटोपली की वॉर्डात चक्कर मारायचे. कुणी बोलावलेलं नाही, कुणी पगार देत नाही. "सगळं ठीक होईल" असलं गुळमुळीत काही नाही. रडणाऱ्याला पोटभर रडू द्यायचे, मग रुमाल कसा बांधायचा ते दाखवायचे. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

जखम भरल्यावर डॉक्टरांना विचारून आमच्या घरी शिकवणी सुरू झाली. ह्यांचे नुसतेच ढेकर, शब्द काही फुटेना. त्यात ह्यांनी ओठ हलवायचा अवकाश, की मी चहा पुढे करायची, नाहीतर पंखा लावायची. शेवटी काका माझ्यावरच उखडले.

"वहिनी, गप्प बसा! माझी बायको... फार प्रेमळ. मी तोंड हलवलं की... वाक्य तीच पुरं करायची. ती असेपर्यंत... मुकाच राहिलो. बोलायला शिकलो... ती गेल्यावर. काय उपयोग?"

मी हातातला कप खाली ठेवला. ह्यांनी काकांचा हात धरला. हवा गिळली, चेहरा लालबुंद. मी दातांखाली जीभ दाबून बसले.

"का... का," हे म्हणाले. "उप... योग... आहे."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. काकांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, पण हवा गिळायचंच विसरले. नुसते ओठ हलत राहिले. ते काय म्हणतायत ते मला कळत होतं. तरी मी बोलले नाही, वाट बघत बसले.